कंपनीतला सत्यनारायण, तीन सल्ले आणि ख्रिस्ती माणसावरचा अधिकार

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही बघता येईल. तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहात. श्रावणात कंपनीत सत्यनारायण असतो. पूजा झाली की शॉपफ्लोअरवर शिऱ्याचा प्रसाद फिरतो, मग सगळ्यांचं जेवण. गेल्या वर्षी तुम्ही प्रसाद घेतलात. तुम्ही ज्या घरगुती सहभागितेला जाता तिथल्या ब्रदरना हे कळलं, त्यांनी बायबलमधल्या प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय उघडून दाखवला आणि पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर आणि प्याला, घ्यायचं नाही असं बजावलं. तुमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) मंडळीचे पाळकसाहेब मात्र प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पत्र काढून म्हणाले, उपकार मानून खुशाल खा. घरात बायको वसईची कॅथलिक. तिचं म्हणणं, वाद कशाला, फादरना विचारू आणि चर्च सांगेल तसं करू. शेवटी तुम्ही विचारलंय की तिघंही देवाचंच नाव घेतात, मग बरंवाईट ठरवायचं माप कोणाच्या हातात: बायबलच्या, मंडळीच्या की माझ्या मनाच्या? वर्गणीचंही विचारलंय, त्याकडे शेवटी येतो.

मी बरीच वर्षं नगर जिल्ह्यात पाळक होतो आणि पुढे पाळकपणाचं शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना नीतिशास्त्र शिकवलं. हाच प्रश्न मला कुंकवावरून, तेराव्याच्या जेवणावरून, भाऊबिजेच्या ओवाळणीवरून आणि अगदी योगासनांवरूनही लोकांनी विचारलाय. वरवर बघता तुमची अडचण शिऱ्याची आहे. खरी अडचण अशी की तीन माणसं तीन दिशांना ओढतायत, त्यातल्या एकाने तुम्हाला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवलंय, आणि त्याला तसं करायचा हक्क होता का हे तुम्हाला कळत नाही. म्हणून प्रसादाचा प्रश्न धरूनच अधिकाराच्या प्रश्नाकडे जाऊ. नुसत्या तत्त्वाने बोललो तर मी तुम्हाला ‘बायबलच अंतिम’ असं एका ओळीत सांगेन आणि तुम्ही होतात तिथेच राहाल, कारण ब्रदर आणि पाळकसाहेब दोघंही बायबलच दाखवतायत.

सुरुवात ब्रदरच्या बाजूने करतो. त्यांना हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण त्यांच्या हातातलं वचन हलकं नाही. प्रकटीकरणात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खाण्यावरून खडसावलंय आणि खडसावणारा खुद्द पुनरुत्थित ख्रिस्त आहे. थुवतीरा हे कारागिरांचं गाव. रंगारी, चर्मकार, कुंभार, तांबट यांचे तिथे संघ होते. शिलालेखांत त्यांचे उल्लेख सापडतात. संघात राहायचं तर संघाच्या मेजवानीला बसायचं आणि मेजवानी देवाच्या नावाने असायची. बसला नाहीत तर धंदा गेला. पर्गमात तर अंतिपा नावाचा विश्वासू मारला गेला होता, त्याचं नाव त्याच अध्यायात आहे. म्हणजे तिथे जेवणं ही निष्ठेची कसोटी झाली होती. आमचा देव मान, नाहीतर रोजीरोटी सोड. अशा ठिकाणी ‘चालतंय की, नुसतं जेवण तर आहे’ म्हणणाऱ्या शिक्षकांना तो अध्याय झोडपतो. तुमच्या कंपनीत प्रसाद नाकारणाऱ्याचं प्रमोशन अडत असेल, हजेरी घेतली जात असेल, तर हा अध्याय तुमच्यासाठीच आहे. एरवी तो जसाच्या तसा तुमच्या शॉपफ्लोअरवर आणून बसवता येत नाही.

ब्रदर बहुधा प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्यायही दाखवतील. इ.स. 49-50च्या सुमारास यरुशलेमात सभा भरली, कारण यहुदी नसलेल्या विश्वासूंची सुंता करायची की नाही यावरून मोठा वाद पेटला होता. सभेने सुंतेची अट काढली आणि चार गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म. बघा म्हणतील, प्रेषितांचाच ठराव आहे. खरं आहे. पण हा ठराव दाखवून प्रसादाला बंदी घालणाऱ्या कितीतरी घरांत रविवारी उपासनेनंतर लोक मिटक्या मारत रक्ती (रक्ताचा पदार्थ) खाताना मी पाहिलेत, आणि रक्त त्याच यादीत दुसरं आहे. मी हे त्यांना टोचून बोलायला सांगत नाही. चवथ्या-पाचव्या शतकाच्या संधिकाळात ऑगस्टीन या मोठ्या बिशपनेच लिहून ठेवलंय की मानेवर फटका मारून मारलेला ससा खायला आता कोणी कचरत नाही, आणि कचरलाच तर बाकीचे त्याला हसतात. म्हणजे तो ठराव ज्या कारणासाठी झाला, यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासूंनी एका पंगतीला बसावं यासाठी, ते कारण उरलं नाही तिथे मंडळीने तो तसाच धरून ठेवला नाही. जारकर्माचं कलम मात्र धरून ठेवलं, कारण त्यामागचं कारण पंगतीपुरतं नव्हतं. यादी तीच, तरी एक कलम सैल झालं आणि दुसरं घट्ट राहिलं. ‘बायबलमध्ये लिहिलंय’ एवढ्यावर काम भागत नाही, का लिहिलंय हेही बघावं लागतं, ते असं.

त्या सभेचं काम कसं चाललं तेही बघा. पेत्राने आपला अनुभव सांगितला, बर्णबा आणि पौलाने परराष्ट्रीयांत काय घडलं ते सांगितलं, मग याकोबाने आमोस संदेष्ट्याचं वचन काढून त्या अनुभवाशी ताडून पाहिलं. बराच वादविवाद झाला असं त्या पुस्तकाचा लेखक लूक स्पष्ट लिहितो. आणि निर्णयाच्या पत्रात म्हटलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. ‘मला प्रभूने सांगितलं’ असं एकट्या याकोबानेही म्हटलं नाही, आणि तो तर प्रभूचा भाऊ.

आता पाळकसाहेबांचं पत्र. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल या विषयावर तीन अध्याय खर्च करतो, आठ ते दहा. घाईत वाचलं तर तो उलटसुलट बोलतोय असं वाटतं. सावकाश वाचलं तर दिसतं की तो तीन वेगवेगळ्या जागांबद्दल बोलतोय. एक, देवळातलं मेज, जिथे जेवणं म्हणजेच पूजेत सहभाग. तिथे तो साफ नाही म्हणतो, प्रभूचा प्याला आणि त्या मेजावरचा प्याला दोन्ही पिता यायचे नाहीत. दोन, बाजार, खाटकाकडे काय मिळेल ते विकत घ्या, चौकशा करत बसू नका, पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे. तीन, कोणाच्या घरचं आमंत्रण. वाढतील ते खा, पण कोणी म्हटलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका. का? ज्याने सांगितलं त्याच्यासाठी. पौल पुढे मुद्दाम स्पष्ट करतो की मी तुमच्या विवेकबुद्धीबद्दल बोलत नाही, त्या दुसऱ्याच्या.

प्रसाद कुठे बसतो? इथे पाळकसाहेबांचा सल्ला मला थोडा घाईचा वाटतो. शिरा प्रसाद म्हणून हातावर येतो तेव्हा ‘हे देवाला दाखवलंय’ हे वेगळं सांगायची गरजच नसते. म्हणजे तो बाजारातल्या मटणासारखा नाही, तिसऱ्या जागेजवळचा आहे. आणि तिथे पौलाने दिलेलं माप असं की समोरच्यावर आणि बाजूच्यावर तुमच्या खाण्याचा काय परिणाम होतो ते बघा.

म्हणून हे परिस्थितीवर अवलंबून आहे असं मी म्हणतो, आणि ते अंग काढून घेण्यासाठी म्हणत नाही. गोदाकाठच्या एका गावातली बाई आठवते. बाप्तिस्म्याआधी तिच्या अंगात यायचं. सगळं गाव तिच्या पाया पडायला यायचं. बाप्तिस्म्यानंतरही जत्रेचा प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा कोणी पुढे केला की तिचा हात कापायला लागायचा, मग ती दोन दिवस घराबाहेर पडायची नाही. आता तिच्यासमोर मंडळीतल्या कोणी शहाण्याने तोच तुकडा चघळत ‘मूर्ती म्हणजे काहीच नाही हो बाई’ असं ज्ञान पाजळलं असतं, तर ज्ञान शंभर टक्के बरोबर आणि कृत्य शंभर टक्के पाप. पौलाचा आठवा अध्याय याच माणसासाठी आहे. तिला मी प्रसाद घेऊ नको म्हटलं आणि तिच्या मंडळीतल्या इतरांनाही तिच्यासमोर घेऊ दिला नाही.

याच्या उलट बाजूही आहे आणि ती आपल्याकडे फार कमी बोलली जाते. कोणाच्या हातचं न खाणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या मंडळीतल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्यांनी तेच भोगलंय. पाणी वरून ओतलं जायचं, भाकरी लांबून टाकली जायची. आता शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर, जो स्वतः कुठल्या जातीचा आहे कोण जाणे, आपुलकीने हात पुढे करतो आणि तुम्ही हात मागे घेता. तुमच्या मनात करिंथ असतं, त्याच्या मनात काय येतं? मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना वाटलं की हे ख्रिस्ती झाले आणि आता आमच्या हातचं यांना चालत नाही. नाकारायचंच असेल तर इतकं गोड नाकारावं की माणूस दुखावू नये, आणि जेवणाच्या पंगतीत त्याच्याच शेजारी जाऊन बसावं.

माझं मत विचाराल तर असं आहे. पूजेला बसणं, संकल्प सोडणं, आरतीचं ताट फिरवणं याला मी ख्रिस्ती माणसाला नको म्हणतो, साहेबांनी यंदा तुम्ही जोडप्याने बसा असा मान दिला तरीही. नंतरचं जेवण बिनदिक्कत जेवा. शिऱ्याबद्दल, तुमचं मन स्वच्छ असेल, आजूबाजूला कोणी अडखळणारा नवा विश्वासू नसेल आणि देणारा शेजारधर्माने देत असेल, तर तुम्ही घेतलात यात मला पाप दिसत नाही. मी स्वतः घेत नाही, कारण मी काय खातो याकडे नव्याने आलेली माणसं बघत असतात. पण माझ्या न घेण्याने तुमच्यासाठी नियम तयार होत नाही. रोमकरांच्या चौदाव्या अध्यायात पौल या दोघांनाही एकेक टोला देतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

इथपर्यंत हाती आलं ते एवढं: वचन एकच, पण ते वेगवेगळ्या जागी वेगळं लागू होतं; आणि ते लावताना पौल दुसऱ्या माणसाच्या भल्याचं माप वापरतो. तरी तुम्ही म्हणाल, हे लावायचं कोणी? मला तुमचं पटलं आणि ब्रदरचं नाही, तर मग माझंच मन अंतिम झालं ना?

याचं उत्तर शोधताना मला गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय फार उपयोगी पडतो, आणि योगायोग असा की तिथेही भांडण जेवणाचंच आहे. अंत्युखियात पेत्र बिगरयहुदी विश्वासूंबरोबर एका पंगतीला बसत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि पेत्र त्यांच्या भीतीने मागे सरला, वेगळं बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी विश्वासू, बर्णबासुद्धा, तसंच करू लागले. पेत्र म्हणजे साधा माणूस नाही. मेंढरांना चार असं प्रभूने ज्याला सांगितलं तो. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, कारण तो सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नव्हता. पौलाने पेत्राचं प्रेषितपद नाकारलं नाही. ते पद सुवार्तेच्या खाली आहे एवढंच दाखवलं. ख्रिस्ती परंपरेतला अधिकार मला असा दिसतो: सगळा अधिकार ख्रिस्ताचा, तो आपल्याला वचनातून कळतो, आणि बाकी प्रत्येक अधिकार, पाळकाचा, बिशपचा, पोपचा, आईवडिलांचा, माझ्या मनाचाही, उसना आहे. उसना म्हणजे त्याला हिशेब द्यावा लागतो. म्हणून अधिकार सांगणाऱ्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात एकच प्रश्न विचारतो: तुम्ही चुकलात, तर ते तुम्हाला सांगायचा हक्क कोणाला आहे?

हाच प्रश्न तुमच्या तिघांना लावून बघू.

कॅथलिक चर्चबद्दल आपल्या प्रोटेस्टंट घरांत एक ठरलेला गैरसमज असतो की तिथे पोप म्हणेल ते सत्य. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली दैवी प्रकटीकरणाबद्दलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. इंग्लंडमधले कॅथलिक विचारवंत जॉन हेन्री न्यूमन, जे पुढे 1879 साली कार्डिनल झाले, त्यांनी 1875 साली लिहिलं की जेवणानंतर प्याले उंचवायची वेळ आलीच तर मी पोपसाठी उंचवीन, पण आधी विवेकबुद्धीसाठी आणि मग पोपसाठी. आणि त्यांच्या लेखी विवेकबुद्धी म्हणजे मनाला येईल ते नव्हे. माणसाच्या आत बोलणारा देवाचा आवाज, जो बहुतेक वेळा गैरसोयीचंच सांगतो. चर्चने स्वतःचे निर्णय मागे घेतलेत हेही खरं. चिनी ख्रिस्ती लोकांनी पूर्वजांना मान देण्याच्या विधींवर अठराव्या शतकात रोमने बंदी घातली, 1939 साली ती बऱ्याच अंशी उठवली. आणि गोव्यात तर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736च्या फर्मानात तुळस लावणं, मिठाशिवाय भात शिजवणं असल्या गोष्टींवरही बंदी घातली होती. आज तुमच्या बायकोचे फादर बिनमिठाच्या भातावरून कोणाला विचारतील असं वाटत नाही. म्हणून बायकोला फादरकडे जरूर जाऊ द्या, तुम्हीही जा. सगळ्या जगातल्या आणि सगळ्या शतकांतल्या विश्वासूंनी काय विचार केला हे तिथे कळतं, आणि ते आपल्या एकट्याच्या वाचनापेक्षा मोठं आहे. फक्त ‘चर्च सांगेल’ म्हणून आपला विचार बंद करायचा नाही. ते चर्चलाही अपेक्षित नाही.

ब्रदरचा प्रश्न अवघड आहे. स्वतंत्र सहभागितांत बहुतेकदा वर कोणी नसतं. वडीलमंडळ नाही, बिशप नाही, सभा नाही. ब्रदर प्रार्थनेत राहतात, रात्री-अपरात्री कोणाचं मूल आजारी पडलं तर धावून जातात, आणि त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन येतं. ते वजन मी कमी लेखत नाही. आमच्या जुन्या मंडळ्यांत पाळक घरी येत नाही म्हणून माणसं तिकडे गेली, हे कडू सत्य आहे. पण ‘तुम्ही चुकलात तर कोण सांगेल’ या प्रश्नाला ‘पवित्र आत्मा’ एवढंच उत्तर असेल, तर तो पवित्र शास्त्रातला मार्ग नाही. योहान म्हणतो आत्म्यांची पारख करा. पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो सर्व गोष्टींची पारख करा. आणि बिरुयातल्या लोकांनी पौलाचं म्हणणं खरं आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासलं, तर लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो.

प्रभुभोजनाचं बोलायलाच हवं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम दिलाय: आधी एकटा भेट, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीसमोर. पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारायची सोय तिथे नाही. जुन्या मंडळ्यांना हा धोका फार पूर्वी कळला होता. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात, 1662 सालच्या, असा नियम आहे की पाळकाने कोणाला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवलं तर जास्तीत जास्त 14 दिवसांत बिशपला कळवायचं. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच कोणीतरी म्हणत होतं की एका माणसाच्या हातात ही किल्ली सोडू नका. ज्या प्रश्नावर पौल स्वतः दोन्ही बाजूंना जागा देतो, त्यावरून तुम्हाला मेजापासून दूर ठेवणं मला अधिकाराबाहेरचं वाटतं.

आता तुमचं मन. त्यालाही तोच प्रश्न. मी पंडिता रमाबाईंची पत्रं विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला द्यायचो. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. एक खटका जेवणाचा. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेला पदार्थ खायच्या नाहीत; सिस्टरना त्यात जातीचा अहंकार दिसला. दुसरा खटका शिकवणीचा. 1885 साली रमाबाईंनी लिहिलं की मला स्वतःचा विवेक आहे, बुद्धी आहे. हिंदुस्थानातल्या भटजींचं जू मी मोठ्या कष्टाने झुगारलंय, आता तसलंच दुसरं जू मी मानेवर घेणार नाही. विद्यार्थ्यांना हे वाचून फार आनंद व्हायचा, विशेषतः बिशपवर रागावलेल्यांना. मग मी विचारायचो, पुढे काय केलं बाईंनी? त्या कोणाचंच ऐकणार नाही असं म्हणून सुटल्या नाहीत. ग्रीक-हिब्रू शिकून आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरात घातली. ज्या वचनाच्या जोरावर सिस्टरला नाही म्हटलं, त्याच वचनाखाली स्वतःला ठेवलं. विवेकाचं स्वातंत्र्य मागायचं असेल तर ही किंमत आहे. मन स्वतः चुकू शकतं; पौलच म्हणतो की मला माझ्यात दोष दिसत नाही, पण त्याने मी निर्दोष ठरत नाही. आणि उलटही खरं आहे: मनात किंतु असताना, फक्त कोणीतरी चालतं म्हणालं म्हणून केलं, तर तेही पाप आहे, रोमकरांच्या चौदाव्या अध्यायाचं शेवटचं वचन बघा. माझं हे उत्तर वाचूनही शिरा घेताना हात अडत असेल, तर घेऊ नका.

एक गोष्ट न विचारता सांगतो, म्हाताऱ्या माणसाची सवय. ‘हा विवेकाचा प्रश्न आहे, ज्याचं त्याने बघावं’ हे वाक्य फार सोयीचं आहे आणि आपल्याकडे ते भलत्या जागी वापरलं जातं. प्रसादावर आमच्या व्यासपीठांवरून गर्जना होतात. मुलीच्या लग्नात घेतलेली मोटरसायकल मात्र ‘भेट’ असते. स्थळ बघताना घराणं आधी कोणत्या जातीतून आलंय याची चौकशी हळू आवाजात होते, आणि ती करणाऱ्यांत मंडळीचे वडील असतात. मंडळीच्या जमिनीचे व्यवहार कसे होतात त्यावर तर न बोललेलंच बरं. इथे पवित्र शास्त्रात दोन बाजू नाहीत. याकोब दुसऱ्या अध्यायात पक्षपाताला सरळ पाप म्हणतो आणि पाचव्यात मजुराची बुडवलेली मजुरी देवाकडे ओरडते म्हणतो. पुदिना, शेपू आणि जिऱ्याचा दशमांश मोजणाऱ्यांनी न्याय आणि दया सोडून दिली म्हणून प्रभू किती चिडला होता, मत्तयाचा तेविसावा अध्याय काढून वाचा. एखादा माणूस अधिकाराने बोलतोय की नुसता दरडावतोय हे ओळखायला मी याकडेही बघतो: तो ज्या पापांवर कडक आहे त्यातलं एखादं तरी त्याच्या स्वतःच्या लोकांना महागात पडतं का?

तुम्ही काय करावं? ब्रदरना एकट्याला भेटा, सहभागितेच्या दिवशी नको, एरवी घरी चहाला बोलवा. करिंथकरांचे ते तीन अध्याय दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, एका बैठकीत. प्रकटीकरणाचं वचनही वाचा, ते चुकवू नका. मग विचारा की मला मेजापासून दूर ठेवायचा निर्णय तुम्ही कोणाबरोबर बसून घेतलात. भला माणूस असेल तर विचारात पडेल. गटात नव्याने आलेलं कोणी तुमच्या प्रसाद घेण्याने अडखळलं असं त्यांनी सांगितलं, तर ते गांभीर्याने घ्या आणि यंदा घेऊ नका. त्यात तुमची हार नाही. पण नुसतं ‘मी सांगतो म्हणून’ असेल, तर तुमच्या पाळकसाहेबांकडे जाऊन तुमच्या मंडळीत प्रभुभोजन घ्या. तुमची सभासदत्वाची मंडळी तीच आहे, आणि तिथे तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

राहिली वर्गणी. पूजेची वर्गणी आणि जेवणाची वर्गणी बऱ्याच कंपन्यांत एकाच पावतीवर असते. युनियनचा किंवा एचआरचा जो माणूस गोळा करतो त्याला आधीच, श्रावणाच्या अगोदर, सांगा की माझे पैसे जेवणाच्या खर्चात धरा, आणि रक्कम इतरांइतकीच द्या, कमी नको. बहुतेक ठिकाणी कोणाची हरकत नसते. मनापासून जमत असेल तर त्या दिवशी वाढायला उभे राहा. वाढपी नेहमीच कमी पडतात, आणि वाढणाऱ्याने हातावर प्रसाद घेतला की नाही याकडे कोणाचं लक्षही जात नाही.